वरळीचा बेडूक कुणाचा?

मुंबई लाव्हाच्या थरांवर वसली आहे, हे आपण शाळेत शिकलेलो असतो. पण लाव्हा काही सलग ओतत नव्हता. दोन उद्रेकांच्या मध्ये बराच काळ निवांत जायचा. तेवढ्यात तळी साचायची, काठाला झाडझाडोरा उगवायचा, पाण्यात कासवं आणि बेडूक नांदायचे. मग पुढचा लाव्हा येऊन सगळं झाकून टाकायचा. दोन लाव्हांच्या मध्ये अडकलेल्या या गाळाच्या थराला आंतरट्रॅपी थर म्हणतात. वरळीच्या अशाच थरात सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे चिमुकले बेडूक सापडले. १८४७ साली ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांनी लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात त्यांचं वर्णन छापलं आणि नाव ठेवलं राना पुसिला. पुसिला म्हणजे लॅटिनमध्ये इवलासा. (‘डायनोसॉरिया’ हा शब्दही याच ओवेननी पाच वर्षं आधी घडवला होता.) पुढे १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियममधल्या नोबल यांनी हे बेडूक पुन्हा तपासले आणि त्यांच्यासाठी इंडोबॅट्राकस हे नवं नाव काढलं.

म्हणजे बेडूक वरळीचा, पहिलं बारसं लंडनला आणि दुसरं न्यूयॉर्कला. दोन्ही बारशांना वरळीचं कुणी नव्हतं.

यात बिघडलं काय, असं कुणीही विचारेल. त्या काळी मुंबईत जीवाश्मांचा अभ्यास करणारं होतं कोण? ओवेननी निदान नाव तरी दिलं, नाहीतर तो दगड कुठल्या तरी इमारतीच्या पायात भरला गेला असता. हा प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर द्यायचं तर आधी जीवाश्मशास्त्राची एक रीत समजून घ्यायला हवी.

नव्या प्रजातीला नाव द्यायचं तर नुसतं वर्णन पुरत नाही. ‘हे नाव या अमुक हाडांचं’ असं म्हणून एक नमुना कायमचा ठरवून ठेवावा लागतो. त्याला होलोटाइप म्हणतात. जमिनीच्या वादात तोंडी साक्षी कितीही झाल्या तरी शेवटी मूळ दस्त काढून बघतात, तसा हा त्या नावाचा मूळ दस्त. उद्या चंद्रपूरच्या एखाद्या विद्यार्थिनीला शेतात हाड सापडलं, तर ते ओळखीच्या प्राण्याचं की अगदी नव्या, हे ठरवायला होलोटाइपशी ताडून पाहावं लागतं. फोटो, साचे, अलीकडे सीटी स्कॅन यांनी बरंच काम भागतं. तरी खाचखळग्यांचा वाद निघाला की मूळ नमुन्यापाशीच जावं लागतं. नमुना बर्लिनला असेल तर बर्लिनचा विद्यार्थी ट्रामने जाऊन दुपारपर्यंत परत येतो. आपल्या विद्यार्थिनीला आधी व्हिसा काढावा लागतो.

म्हणून ‘दगड चोरला’ एवढ्यावर हा विषय संपत नाही. दगड गेला की त्याच्याबरोबर पुढचे प्रश्न विचारायची सोयही जाते. ती जिथे गेली तिथे नवे तज्ज्ञ तयार होतात, आणि मग तज्ज्ञ तिथेच आहेत म्हणून पुढचा दगडही तिथेच जातो.

वसाहतींच्या काळात हे चक्र उघडउघड चालायचं. नागपुरात हिस्लॉप कॉलेजच्या नावामुळे स्टीफन हिस्लॉप सगळ्यांना माहीत असतात, पण हा स्कॉटिश मिशनरी हाडाचा भूशास्त्रज्ञ होता हे फारसं कुणाला माहीत नसतं. नागपूरजवळची टाकळी, चंद्रपूरकडची मांगली इथून त्यांनी शिंपले, फळं, पानं, हाडं गोळा केली आणि हंटर या सहकाऱ्याबरोबर १८५५ साली नागपूर परिसराच्या भूशास्त्रावर निबंध छापला. मांगलीच्या एका उभयचराच्या कवटीला त्याच वर्षी नाव मिळालं ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स. ठेवणारे पुन्हा ओवेनच. हिस्लॉप यांच्याबद्दल माझ्या मनात अढी नाही. उन्हातान्हात हिंडणारा, इथल्या भाषा शिकणारा माणूस होता तो, आणि १८६३ मध्ये इथल्याच एका नदीच्या पुरात बुडून गेला. पण त्यांच्या चांगुलपणाने व्यवस्थेची दिशा काही बदलली नाही. वस्तू इथून निघायची आणि ज्ञान तिकडे तयार व्हायचं. कापसाचंही हेच झालं होतं.

काही ठिकाणी मात्र चांगुलपणाचाही आडोसा नव्हता. बर्लिनच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयात शिरलं की समोर सुमारे १३ मीटर उंचीचा सांगाडा उभा दिसतो. तो जिराफॅटायटन, लांब मानेचा डायनासोर. त्याची हाडं आजच्या टांझानियातल्या टेंडागुरू टेकडीची. तेव्हा तो मुलूख जर्मन पूर्व आफ्रिका म्हणून ओळखला जायचा. १९०५ ते १९०७ या काळात तिथल्या लोकांनी जर्मन सत्तेविरुद्ध माजी माजी उठाव केला आणि तो चिरडण्यासाठी पिकं, गावं जाळली गेली. लढाई आणि त्यामागून आलेल्या उपासमारीत मेलेल्यांचे अंदाज ७५ हजारांपासून ३ लाखांपर्यंत जातात. उठाव शमल्यावर दोनच वर्षांत, १९०९ मध्ये, त्याच प्रदेशात बर्लिनची मोहीम उतरली. १९१३ पर्यंत शेकडो स्थानिक मजूर खोदत होते. हाडं मातीत आणि बांबूत बांधून डोक्याखांद्यांवरून लिंडी बंदरापर्यंत जायची. ही वाट काही दिवसांची होती. अशी दोनशे टनांहून जास्त हाडं जहाजांवर चढली.

खोदकामावरच्या मजुरांचा मुकादम होता बोहेती बिन अमरानी. हाडं ओळखणं, ती न फुटता काढणं यात त्याचा हातखंडा होता. त्या उंच डायनासोरच्या प्रजातीला नाव मिळालं ब्रँकाय, संग्रहालयाचे संचालक ब्रँका यांच्यावरून. बोहेतीचं नाव एका डायनासोरला मिळालं ते थेट २००७ मध्ये: ऑस्ट्रॅलोडोकस बोहेतियाय. जवळजवळ शंभर वर्षं लागली.

जावा बेटावरही असंच घडलं. १८९१ मध्ये डच संशोधक युजीन दुब्वा यांनी ‘जावा मानवा’ची, म्हणजे एका आदिमानवाची, कवटी शोधली, असं आपण वाचतो. माती उपसत होते ते डच सरकारने दिलेले कैदी. दुब्वांच्या संग्रहातले २८ हजारांहून जास्त जीवाश्म इंडोनेशियाला परत द्यायचं नेदरलँड्सने २०२५ मध्ये ठरवलं.

इथपर्यंत वाचून ‘गोरे गेले, राज्य गेलं, विषय संपला’ असं वाटू शकतं. म्हणून आता ब्राझीलला जाऊ, कारण तिथली गोष्ट कालपरवाची आहे.

ब्राझीलच्या ईशान्येला सेआरा राज्यात आरारिपे नावाचं पठार आहे. आपल्याकडे शहाबादी फरशी निघते तशी तिथे पातळ पापुद्र्यांची, पिवळसर चुनखडी फरशी निघते. खाणीत मजूर हातोडी-छिन्नीने पापुद्रे सोडवत असतात आणि एखाद्या पापुद्र्यावर मासा दिसतो, नाहीतर चतुर, पान, कधी उडणारा सरपटणारा प्राणी. अकरा-साडेअकरा कोटी वर्षांपूर्वीच्या या गाळात कातडी आणि पिसंसुद्धा टिकली आहेत. फरशीवर मिळणारी मजुरी तुटपुंजी. साहजिकच वेगळा पापुद्रा दिसला की तो दलालाच्या हातात जायचा. पुढे दलालाकडून व्यापारी, व्यापाऱ्याकडून युरोप-जपानमधले संग्राहक आणि संग्रहालयं. किंमत प्रत्येक टप्प्यावर फुगायची, खाणीतल्या माणसाच्या हाती सगळ्यांत कमी पडायचं.

गंमत म्हणजे ब्राझीलचा कायदा या बाबतीत मोघम नाही. १९४२ च्या हुकुमानुसार जीवाश्म सरकारच्या मालकीचे, खाजगी खरेदी-विक्रीचा प्रश्नच नाही. १९९० च्या नियमांनी आणखी घट्ट केलं: परदेशी संशोधकाने ब्राझीलमधल्या संस्थेला सोबत घ्यायचं आणि होलोटाइप देशातच ठेवायचे. तरीही तिकडचे जीवाश्म युरोपच्या संग्रहालयांत येत राहिले आणि त्यांच्यावर निबंध निघत राहिले. असल्या बाजाराचा नमुना बघायचा तर १९९६ मध्ये नाव मिळालेला इरिटेटर हा डायनासोर बघावा. त्याची कवटी जर्मनीत श्टुटगार्टच्या संग्रहालयाने विकत घेतली होती. साफ करायला घेतली तेव्हा कळलं, की भाव वाढावा म्हणून व्यापाऱ्याने प्लास्टर लिंपून तिचं तोंड लांब केलं आहे. वैताग आला म्हणून नावच ‘इरिटेटर’ ठेवलं. खोट्या लिंपणाचा वैताग नावात नोंदवला गेला. कवटी आपल्यापर्यंत आली कशी, या प्रश्नाचा वैताग कुणाला आलेला दिसत नाही.

डिसेंबर २०२० मध्ये क्रिटेशस रिसर्च या जर्नलच्या संकेतस्थळावर आणखी एका आरारिपेच्या डायनासोरचा निबंध आला. प्राणी कोंबडीएवढा, पाठीवर आयाळ आणि खांद्यांतून बाहेर आलेल्या लांब पट्ट्या. तसलं काही कुणी पाहिलेलं नव्हतं. नाव उबिराजारा जुबाटस. उबिराजारा हा तुपी भाषेतला शब्द, अर्थ भाल्याचा धनी. तुपी ही ब्राझीलच्या मूळ रहिवाशांची भाषा. लेखक मात्र ब्रिटन, जर्मनी आणि मेक्सिकोतल्या संस्थांचे, ब्राझीलचं एकही नाव नाही. नमुना जर्मनीत कार्ल्सरूहच्या संग्रहालयात. तो १९९५ मध्ये परवानगीने बाहेर आणला, असं निबंधात म्हटलं होतं.

ब्राझीलमधल्या संशोधकांनी हे वाचलं आणि ट्विटरवर हॅशटॅग उठला: ‘उबिराजारा ब्राझीलचा आहे’. त्यात पुढे होत्या बऱ्याचशा तरुण संशोधक, विद्यार्थी, विद्यार्थिनी. परवानगीचा कागद दाखवा, तो देणाऱ्याला तसा अधिकार होता का ते सांगा, ब्राझीलचा सहकारी कुठे आहे ते सांगा, अशी त्यांची विचारणा होती. जर्नलने निबंध आधी तात्पुरता आणि नंतर कायमचा मागे घेतला. संग्रहालयाने सुरुवातीला आपली मालकी कायदेशीर आहे असं सांगितलं. पुढे नमुना आला कधी याच्या तारखांचाच मेळ बसेना. २०२२ मध्ये बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याच्या सरकारने तो परत करायचं ठरवलं आणि जून २०२३ मध्ये उबिराजारा ब्राझीलला पोहोचला. आता तो सेआराच्या सांताना दो कारिरी या छोट्या गावातल्या संग्रहालयात आहे, जिथल्या खाणींत असे जीवाश्म निघतात त्याच भागात.

यातला एक तिढा लक्षात घेण्यासारखा आहे. निबंध मागे घेतल्यामुळे ते नाव नियमाने ग्राह्य राहिलं नाही. घरी परत आला तो अख्ख्या जगाला माहीत झालेला, पण कागदोपत्री निनावी प्राणी.

जर्नलने असा निबंध मागे घेणं ही साधी गोष्ट नाही. जीवाश्माच्या बाजाराला किंमत येते ती थोडी शोभेपायी आणि बरीचशी विज्ञानाच्या शिक्क्यापायी. ‘नव्या प्रजातीचा होलोटाइप’ म्हटलं की तसल्याच पुढच्या दगडाचा भाव चढतो. निबंध छापणारं जर्नल स्वतः काही विकत घेत नाही, पण शिक्का त्याचाच असतो. कोणत्या खडकातून, कुणाच्या परवानगीने, कोणत्या वर्षी हे तीन प्रश्न संपादकांनी दारातच विचारले असते तर यातली पुष्कळ प्रकरणं पुढे गेलीच नसती. दीर्घकाळ ते विचारले जात नव्हते.

म्यानमारच्या अंबरमध्ये तर प्रश्न रक्तापर्यंत गेला. काचिन प्रांतातल्या हुकाँग खोऱ्यात सुमारे ९ कोटी ९० लाख वर्षांपूर्वीचा अंबर, म्हणजे झाडाचा घट्ट झालेला डिंक, सापडतो. त्यात किडे, सरडे, इतकंच काय पिसांसकट डायनासोरची शेपटीही मिळाली आहे. त्याच खोऱ्यात लष्कर आणि काचिन बंडखोरांची लढाई चालू. २०१७ मध्ये लष्कराने खाणींचा प्रदेश ताब्यात घेतला. म्यानमारच्या कायद्यात जीवाश्म बाहेर नेता येत नाही, पण रत्न नेता येतं. अंबर रत्नांत मोडतो. म्हणजे आत किडा असला तरी दगड ‘दागिना’ म्हणून चीनच्या बाजारात जाणार आणि तिथून प्रयोगशाळेत. एप्रिल २०२० मध्ये सोसायटी ऑफ व्हर्टेब्रेट पॅलिऑन्टॉलॉजी या संघटनेने जर्नलांना पत्रं लिहून २०१७ नंतरच्या अंबरवरचे निबंध थांबवायची विनंती केली. यावर शास्त्रज्ञांत मतभेद झाले. काहींचं म्हणणं, आपण घेतला नाही तर तो अंबर गळ्यातल्या माळेत जाईल आणि ज्ञान कायमचं हरवेल. मला हा मुद्दा पोकळ वाटत नाही. पण खरेदीदार वाढला की खाणीत उतरणारे वाढतात, हेही खरं. दोन्ही खरं असताना निर्णय घ्यावा लागतो, आणि तो घेणाऱ्यांत काचिनी माणूस क्वचितच असतो.

आकड्यांत पाहायचं तर २०२२ साली नेचर इकॉलॉजी अँड इव्होल्यूशन या जर्नलमध्ये नुसैबा राजा, एमा डन आणि सहकाऱ्यांनी जगभरच्या जीवाश्मांच्या नोंदी तपासल्या. त्यातल्या ९७ टक्के नोंदींमध्ये श्रीमंत किंवा मध्यम-श्रीमंत देशांतल्या संशोधकांचा हात होता. बाहेरून उतरायचं, नमुने घ्यायचे, स्थानिकांना लेखकांत न धरता परत उडायचं, याला ‘पॅराशूट सायन्स’ असं नावच पडलं आहे. यात नुसता अन्यायाचा प्रश्न नाही, विज्ञानही चुकतं. जिथे शोधणारे जास्त तिथे प्रजाती जास्त सापडतात, आणि मग नकाशा पाहून वाटतं की प्राचीन जीवसृष्टी युरोप-अमेरिकेतच जास्त फुलली होती.

छापण्याच्या बाजूला पैशांची वेगळीच भिंत आहे. निबंध वाचायला पैसे लागतात, आणि सगळ्यांना फुकट वाचता यावा असं वाटत असेल तर लिहिणाऱ्याला भरावे लागतात. नेचर या नावाजलेल्या जर्नलने २०२० मध्ये ही फी जाहीर केली ती ९,५०० युरो, म्हणजे तेव्हाचे साधारण साडेआठ लाख रुपये. एवढ्यात आपल्याकडच्या एखाद्या विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागाच्या कितीतरी सहली होतील. केंद्र सरकारने ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’साठी २०२५ ते २०२७ या तीन वर्षांकरता ६,००० कोटी रुपये काढले, त्यामुळे सरकारी विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांना जवळपास १३ हजार जर्नलं वाचायला मिळतात. हे चांगलंच झालं. पण आपल्याच देशातल्या हाडांविषयी वाचायला आपण एवढी रक्कम मोजतो, हे डोक्यातून जात नाही.

‘परत दिलं तर सांभाळता येईल का?’ हा युरोपचा ठेवणीतला सवाल. पुरावा म्हणून २ सप्टेंबर २०१८ ला रिओचं राष्ट्रीय संग्रहालय जळाल्याचा दाखला देतात. आग लागली हे खरं, आणि निधीची हेळसांडही खरी. पण स्पायनोसॉरस या डायनासोरचा होलोटाइप आज कुठे आहे? तो इजिप्तच्या बहारिया ओअॅसिसमधून म्युनिकला नेला होता, १९१५ मध्ये त्याला नाव मिळालं, आणि एप्रिल १९४४ च्या बॉम्बहल्ल्यात तो म्युनिकच्या संग्रहालयासकट नष्ट झाला. कैरोत राहिला असता तर वाचला असता का, हे सांगता येणार नाही. सुरक्षित जागा कुठली, हे त्या-त्या वर्षी ठरतं.

परदेशी आला म्हणजे लुटायलाच आला, असंही नाही. १९५० च्या दशकात संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस यांच्या बोलावण्यावरून लंडनच्या जीवाश्मतज्ज्ञ पामेला रॉबिन्सन कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये आल्या आणि त्यांनी इथे जीवाश्म शोधणारी, साफ करणारी, अभ्यासणारी माणसं तयार केली. त्यातूनच प्राणहिता-गोदावरी खोऱ्यातला बारापासॉरस हा डायनासोर सापडला. १९७५ मध्ये त्याला नाव देणारे चौघेही भारतीय होते. दुसरं उदाहरण गुजरातच्या धोली डुंगरीचं. भारतीय भूवैज्ञानिक धनंजय मोहबे यांना १९८० च्या दशकात तिथे डायनासोरची अंडी आणि हाडं सापडली. २००१ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगनचे जीवाश्मतज्ज्ञ जेफ विल्सन यांना त्या दगडात सापाचे मणके दिसले. मग भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाशी रीतसर करार झाला, दगड साफसफाईसाठी अमेरिकेला गेला आणि परत आला. २०१० मध्ये सनाजेह इंडिकस हा साडेतीन मीटरचा साप जगापुढे आला तो मोहबेंच्या नावासकट, आणि कुणालाही फुकट वाचता येईल अशा जर्नलमध्ये. कागदपत्रांना वेळ लागला, पण त्यामुळे शोधाचं काही बिघडलं नाही.

आता थोडं घरचं. बारापासॉरसची हाडं निघाली प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यात, गोंड आणि तेलुगू गावांच्या शिवारात. सांगाडा उभा आहे कोलकात्याला. नावात बंगाली ‘बडा पा’, म्हणजे मोठा पाय, आणि पुढे टागोर. गडचिरोलीच्या सिरोंचातल्या मुलाला कोलकाता म्हणजे जवळजवळ बर्लिनच. सिरोंचा तालुक्यात वडधमला जीवाश्म उद्यान झालं ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट. पण ‘जिथली वस्तू तिथे’ ही मागणी देशाच्या सरहद्दीवर थांबवायची आणि आत मात्र सगळं राजधान्यांना वाहायचं, हे मला पटत नाही.

शिवाय ब्राझीलसारखा स्वतंत्र कायदा आपल्याकडे अजून नाही. खाण मंत्रालयाने डिसेंबर २०२२ मध्ये भू-वारसा स्थळांसाठी विधेयकाचा मसुदा काढला. सगळे अधिकार एकाच सरकारी खात्याकडे जातात म्हणून अनेक शास्त्रज्ञांनी त्यावर आक्षेप घेतले. गावकऱ्याचं स्थान त्यात कुठे, हा प्रश्न तर मागेच राहिला.

आणि हा गावकरी काही हाताची घडी घालून बसलेला नसतो. मध्य प्रदेशात धार जिल्ह्यातल्या पाडल्या गावात लोक शेताच्या हद्दीवर गोल दगड पुजायचे. नाव काकड भैरव. काकड म्हणजे शिवार, त्याचा राखणदार भैरव. विदर्भात बांधावर शेंदूर फासलेला गोटा दिसतो, तसंच. नांगराला लागलेले हे गोटे पिढ्यान्‌पिढ्या जपले गेले, गुरांवर संकट येऊ नये म्हणून त्यांना नारळ फुटले. २०२३ मध्ये लखनौच्या बिरबल साहनी संस्थेचे तज्ज्ञ तिकडे आले आणि त्यांनी सांगितलं, ही टायटॅनोसॉर डायनासोरची अंडी आहेत. बातमी देशभर ‘अडाणी लोक डायनासोरची अंडी पुजत होते’ अशा हसऱ्या सुरात फिरली. त्या गोट्यांची इतकी वर्षं राखण केली ती त्याच लोकांनी, आणि नोंदवहीत ‘नमुना कुणी जपला’ असा रकाना नसतो.